जहरीलालचं काऊन

गरीब गाय म्हणतात ना, ती आमच्या खोडे सरांच्या शेजारी नेऊन बांधली असती तर दरोडेखोर वाटली असती. साखरेच्या डब्यात मुंग्या झाल्या की सर डबा उन्हात ठेवत नसत. वर्ध्याचं ऊन मुंग्यांना सोसायचं नाही म्हणून डबा सावलीत जायचा, आणि मुंग्या आपल्या सवडीनं निघून जाईपर्यंत सर बिनसाखरेचा चहा प्यायचे. एकदा त्यांच्या स्कूटरचा एका बकरीला जरासा धक्का लागला. सर उतरले, हात जोडून तिला म्हणाले, "माफ करजो व माय." आणि ती बकरी, मी शपथेवर सांगतो, 'असू द्या' अशी मान हलवून गेली.

या माणसानं काय केलं होतं ते ज्या दुपारी कळलं, त्या दुपारी नालवाडीच्या समाजमंदिरात बसलेल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं तोंड अजून ओलं झालेलं नाही.

मनोहर खोडे वर्ध्याच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. आडनाव खोडे, आणि खोड एकच: 'काऊन?' वर्गात बोलणं सगळं छापील मराठीत, पण 'का' म्हणायची वेळ आली की जीभ सरळ वऱ्हाडात उतरायची. पोरगं दारात उभं राहून विचारायचं, "सर, आत येऊ?" सर मऊ आवाजात विचारायचे, "काऊन?" आता याला काय उत्तर द्यायचं? एक पोरगा तिथंच उभा राहून विचार करत राहिला, करत राहिला, आणि त्याला पटलं की आत यायला खरंच काही कारण नाही. तो परत गेला आणि त्यानं टायर पंक्चरचं दुकान टाकलं. पुढे आमच्यात मोटार घेणारा पहिला तोच.

एसटीचा कंडक्टर विचारायचा, "कुठं जाचं सर?" सर म्हणायचे, "काऊन?" गाडी पुलगावच्या रस्त्याला उभी आणि मागच्या सीटवरून आरडाओरडा, "सरले कोणी काही विचारू नोका बाप्पा! तिकीट फाडा अन् चाला!" भाजीवाली म्हणायची, "भेंडी घ्या सर, कोवळी हाय." "काऊन?" ती बिचारी भेंडी कोवळी का असते याचा कधी नाही तो विचार करायची आणि तेवढ्यात गाय तिची मेथी खायची. सगळं शहर त्या शब्दाला हसायचं आणि सरही हसायचे. शब्द इतका गोड यायचा की कुणी आपल्याला लाह्या देतंय असं वाटावं.

राहायला सर नालवाडीत. आवार एक, घरं दोन. एका घरात सर एकटे, लग्न केलेलं नव्हतं. दुसऱ्यात त्यांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना दादा म्हणत, आणि दादांची मुलगी वंदना. दादांची बायको वारलेली. फाटकालाच लागून दादांचं किराणा दुकान. या दोन भावांत बोलणं नव्हतं. सर मीठ आणायला स्कूटर काढून वर्ध्याला जात, कारण सर्वांत जवळचं मीठ भावाच्या दुकानात होतं. दादांना आधी वाटलं धाकट्याला हिस्सा पाहिजे, म्हणून एक खोली सोडली. सर बोलेनात. दुसरी सोडली. तरी बोलेनात. आणखी थोडी वर्षं गेली असती तर दादा स्वतःच रस्त्यावर आले असते. अबोला कशाचा, हे दादांना माहीत नव्हतं. सगळ्या जगाला 'काऊन' विचारणाऱ्या माणसाला हे एक 'काऊन' विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती.

आवारातून ये-जा करायची ती वंदनाताई. वय तिशीच्या पुढे, सेवाग्रामच्या बाजूला नर्सची नोकरी, चालणं असं की समोरून बैल आला तर बैलानं बाजू द्यावी. ड्यूटीवर जाण्याआधी ती काकाचा डबा ठेवायची, बीपी पाहायची आणि वर दम भरायची. "काका, लोणचं खाल्लं ना? मले खोटं नोको सांगू, मशीन सांगून राह्यलं." सर अपराध्यासारखे बसायचे. मला वाटायचं, लोणच्यासाठीच.

तिचं लग्न झालं नव्हतं. विशीत एक स्थळ पक्कं होता होता फिरलं. आपल्याकडे एक फिरलं की पुढची स्थळं विचारतात, पहिलं काऊन फिरलं? मग तीही फिरतात. शेवटी ताईनं स्वतःच फाटक लावून घेतलं आणि नर्सिंगला गेली.

आता सिनेमा. शतक नुकतंच पालटलं होतं आणि आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाटकाऐवजी सिनेमा दाखवायचा असं आम्ही ठरवलं. थरारपट. नाव 'काळा कापूस'. दिग्दर्शक मी, कारण आवाज माझा मोठा. कॅमेरा प्रफुलचा, कारण त्याच्या काकांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. प्रफुलचा हात लग्नातच तयार झालेला, त्यामुळे खुनाच्या प्रसंगातही कॅमेरा प्रेतावरून सरकत जाऊन जिलबी शोधायचा.

खलनायकाचं नाव मी ठेवलं जहरीलाल. तो एका कापसाच्या जिनिंगच्या मालकाचं घराणं बुडवतो. त्यानं असं का करावं यासाठी मी भूतकाळ लिहिला. लहानपणी त्याची आई डोळ्यांदेखत मारली जाते. बाप दारू पिऊन विहिरीत. घर जळतं. बहीण पुरात. कुत्राही मरतो, आणि वरून वीज पडते. हे सगळं एकाच संध्याकाळी. वाचून दाखवताना प्रफुलला हुंदका आला. मग आम्ही ते खोडे सरांकडे घेऊन गेलो, कारण कॉलेजचा नियम होता की गॅदरिंगचा मजकूर एका मास्तरानं वाचला पाहिजे, आणि सर कुणालाच नाही म्हणत नसत.

सरांनी चष्मा पुसत सगळं ऐकलं. मग म्हणाले, "काऊन?"

"काऊन म्हणजे सर, एवढं सगळं झालं म्हणून थो वाईट झाला!"

"एवढं झालेला माणूस वाईट नाई होत बाबू. थो दवाखान्यात जाते. नाई तर देवळाच्या पायरीवर बसते. वाईट होयाले ताकद लागते लेका. पोट भरलेलं लागते, झोप झालेली लागते." सर छापील मराठी सोडून घरच्या बोलीत आले होते, हे माझ्या जरा उशिरा ध्यानात आलं. "अन् वीज कायले पाडली?"

"परिणामासाठी, सर."

"काढ थे."

मी वीज काढली. कुत्रा जिवंत केला. सरांनी एकेक करून आई, बाप, बहीण सगळ्यांना जिवंत करायला लावलं. शेवटी जहरीलालचं घर इतकं सुखी झालं की त्याला खलनायक करणं पाप वाटायला लागलं.

"आता सर थो खलनायक कशानं होईल?" प्रफुलनं विचारलं.

सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "त्याले लग्नात टोपी नाई भेटली."

आम्ही असे हसलो की खिडकीतली चिमणी उडाली. सर हसले नाहीत.

ज्यांना आमच्याकडची लग्नं माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. लग्नात मानाच्या पुरुषांना दुपट्टा-टोपी देतात. टोपी पांढरी आणि इतकी पातळ की जोरात शिंक आली तर मांडवाबाहेर जावी. दुसऱ्या दिवशी ती कुठल्या तरी खुंटीवर वाळत पडते आणि पुन्हा कुणी तिच्याकडे पाहत नाही. पण देताना जो राहिला, तो राहिला. माणसं जेवण आळणी असलेलं विसरतात, नवरीचं नाव विसरतात, पण टोपी राहिलेली विसरत नाहीत. मला असे दोन पुढारी माहीत आहेत ज्यांनी टोपीपायी पक्ष बदलला.

"बहिणीचं लग्न हाय," सर सांगू लागले. "मोठा भाऊ ओळीनं टोपी देत येऊन राह्यला. जहरीलाल ओळीत बसला हाय. नवी नोकरी लागली हाय, पहिल्या पगाराचा शर्ट घातला हाय. भाऊ याच्यापाशी येते, थांबते, हातातली टोपी बाजूच्याले देते अन् म्हणते, 'हा तं घरचाच हाय, याले कायले?' सगळे हासतात. जहरीलालही हासते. बस."

"बस?"

"बस. हासला ना थो, तिथंच घात झाला. त्याच वक्ती रडला असता, भांडला असता, तं निघून गेलं असतं."

एवढीशी टोपी, पण मला एकदम पटलं की हा माणूस काहीही करू शकतो. मी विचारलं, "मग थो खून करते?"

"नाई. एक शब्द बोलते. थे मी शूटिंगच्या वक्ती सांगीन."

जहरीलालचं काम आमच्यातल्या एका कबड्डीवाल्याकडे होतं. पण धमकी द्यायची वेळ आली की त्याला हसू यायचं आणि चिकटवलेली मिशी पडायची. एका मिशीवर एकदा कुंकू विकणारी बाई पाय ठेवून गेली. तेव्हा आम्ही सरांच्याच पाया पडलो. तुम्हीच करा. सर तयार झाले, पण एक अट घातली. गॅदरिंगच्या आधी पहिला खेळ नालवाडीच्या समाजमंदिरात करायचा, आणि दादा अन् वंदना पुढच्या ओळीत बसले पाहिजेत.

"पण दादा तं तुमच्याशी..."

"म्हणूनच तं. तू जाऊन सांग. माह्या तोंडानं होत नाई."

मला वाटलं, सरांना भावासमोर चमकायचं आहे. मोठ्या माणसांना असली हौस असते म्हणून मी मनात माफही करून टाकलं.

शूटिंग एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये झालं. सर खुर्चीत बसले आणि समोर कॅमेरा लागला. इथपर्यंत मी सांगितलेल्यातलं काही तुम्ही निम्मं करून घ्या, माझी हरकत नाही. बकरीची मान तर पाव करा. पुढचं मात्र आहे तेवढंच आहे.

सरांनी सांगितलं ते असं. जहरीलालच्या भावाच्या मुलीला स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं. पसंती झाली. मग आपल्याकडची रीत म्हणून पाहुण्यांनी गुपचूप चौकशी करायला दोन माणसं पाठवली. त्या माणसांनी बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर जहरीलालला गाठलं. का, तर या माणसाच्या तोंडून कुणाबद्दल वाईट निघत नाही हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमची पुतणी कशी हाय?"

"अन् मी म्हटलं..." सर कॅमेऱ्याकडे पाहत थांबले. मग म्हणाले, "काऊन?"

हा तो लाह्यांचा 'काऊन' नव्हता. आवाज खाली गेलेला, शेवट जरा ओढलेला, आणि भुवई एवढीशी वर. त्यात 'तुम्हाले कोणी सांगतलं नाई का?' होतं. त्यात 'मले नोको विचारू बाप्पा' होतं. नसलेलं सगळं त्या एका शब्दात होतं.

"थे दोघं एकमेकाकडं पाहू लागले. विचारलं, 'काही हाय काय?' मी म्हटलं, 'नाई नाई, काही नाई. सहज विचारलं.' अन् चहा प्यालो. चहा चांगला होता."

प्रफुलनं जिलबी शोधली नाही. कॅमेरा हलला नाही. मी 'कट' म्हणायचं विसरलो आणि मग टाळ्या वाजवायला लागलो. काय अभिनय! जन्मात नाटकात काम न केलेला माणूस! सर उठले, माठातलं पाणी प्यायले, आणि म्हणाले, "पाहू आता." तोंडात 'जहरीलाल म्हणाला' ऐवजी 'मी म्हटलं' आलं होतं. मला वाटलं भूमिका अंगात भिनली.

रविवारी दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना आम्ही पोती लावली आणि टीव्ही टेबलावर ठेवला. वस्ती सारी लोटली. दादा पुढे बसले होते, मांडीवर हात ठेवून, भावाचं तोंड बघायला नव्हे तर दिग्दर्शकानं फार विनवलं म्हणून आल्यासारखे. शेजारी वंदनाताई, ड्यूटीवरून थेट आलेली. सर मागच्या भिंतीला टेकून उभे.

टोपीचा प्रसंग आला आणि हॉल खदखदून हसला. 'हा तं घरचाच हाय, याले कायले?' यावर सर्वांत मोठ्यानं दादा हसले. मांडीवर थाप मारून हसले. मग त्यांची थाप मारलेली जागाच त्यांनी धरली आणि हसू मध्येच थांबलं. चेहरा असा झाला, जणू हसता हसता कुणी पाणी ओतलं.

मग टपरीचा प्रसंग. सरांचा चेहरा पडदाभर. "काऊन?"

त्या हॉलमधल्या प्रत्येकानं तो शब्द सरांच्या तोंडून हजारदा ऐकला होता. पण असा नाही.

वंदनाताई उठली. प्रफुलजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "थो भाग मांगं घे. पुन्हा दाखव."

प्रफुलनं माझ्याकडं पाहिलं. मी सरांकडं. सरांनी मान हलवली. प्रफुलनं टेप मागे घेतली. सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, टीव्हीपासून हातभर अंतरावर तिनं तो शब्द पुन्हा ऐकला. 'सहज विचारलं. चहा चांगला होता.' मग ती वळली.

"काका, थे पाहुणे देवळी गावचे होते काय?"

"हो."

"एक जाडा. हातात छत्री. आमच्या घरी माह्या हातचे पोहे खाऊन गेलते."

"हो बाई. थेच."

मला अजूनही सांगता येत नाही की मला नक्की काय झालं. मीच लिहिलेला सिनेमा, मीच वाजवलेल्या टाळ्या, आणि मला आता कुठे कळत होतं की मी कशाला टाळ्या वाजवल्या.

ताई रडली नाही. म्हणाली, "लग्नाचं मले काही नाई काका. थे झालं असतं, नसतं. पण मी एवढी वर्षं समजत होती का माह्यातच काही खोट हाय. थे लोक माहं काहीतरी पाहून गेले, अन् थे मलेच दिसून नाई राह्यलं. आरशात पाहत होती मी. चालण्यात हाय काय, बोलण्यात हाय काय. अन् तू रोज माह्या हातचा डबा खात होता."

सगळ्या जिल्ह्याला कारण विचारणाऱ्या माणसाजवळ कारण होतं, पण ते सांगायला लाज वाटावी इतकं लहान होतं.

ते दादांनीच विचारलं. इतक्या वर्षांत धाकट्याशी बोललेले पहिले शब्द. "मनोहर, टोपीसाठी? अबे, टोपीसाठी?"

"हो दादा."

दादा उठायला गेले, जमलं नाही, पुन्हा बसले. "थ्या दिवशी टोप्या कमी पडल्या होत्या रे. दोन पाहुणे जास्तीचे आले. मी माहीच टोपी काढून त्यायले देल्ली, अन् तुही बी. म्हटलं, घरचे दोघं आपण, आपल्याले कायले. तू पाह्यलं नाई काय? माह्या डोक्यावर बी नोती."

मी शिक्षा झालेली माणसं पाहिली आहेत, मार खाल्लेली पाहिली आहेत. इतका मार बसलेला माणूस पुन्हा पाहिला नाही.

ताई दारातून बाहेर पडली. लोक एकेक करून उठले, चपला शोधताना कुणी कुणाशी बोललं नाही. शेवटी मी आणि सर राहिलो. मला काहीतरी विचारायचंच होतं म्हणून मी विचारलं, "सर, तुम्ही सगळ्यायले 'काऊन, काऊन' काऊन विचारता?"

"थ्याच्या आधी नव्हतो विचारत," सर पोती काढत म्हणाले. "मंग सुरू केलं. म्हटलं, दिवसभर घासत राहू, बोथट होईल शब्द. नाई झाला."

'काळा कापूस' गॅदरिंगमध्ये दाखवला नाही. प्रफुलनं टेप सरांना देऊन टाकली, आणि त्या वर्षी आम्ही पोवाडा केला, जो इतका वाईट झाला की पाहुण्यांनी मध्येच बक्षिसं वाटून टाकली. दादा बोलायला लागले, बोलायचे काय, फाटकातून मीठ आत फेकायचे आणि म्हणायचे, "घे." वंदनाताईनं डबा बंद केला नाही, पण तो ठेवून जाताना काकाला हाक मारणं बंद केलं. बीपीचा पट्टा गुंडाळायची, आकडा कागदावर लिहून ठेवायची, आणि जायची. दम देत नसे. सर मला म्हणाले, "लोणचं खाल्लं तरी काही म्हणत नाई रे." त्यांनी लोणचं सोडून दिलं. आणि 'काऊन' तर त्या दुपारीच सुटलं. कंडक्टरनं विचारलं कुठं जायचं, की सर गावाचं नाव सांगायचे. गाडी वेळेवर पोचायला लागली आणि लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

मी पुढे नोकरीला लागून नागपूरला गेलो. काही वर्षांनी कळलं की सरांना अर्धांगाचा झटका आला आणि एक बाजू गेली, म्हणून पाहायला गेलो. दुपार होती. आवाराचं फाटक उघडं होतं. सर ओसरीवर खाटेवर, निम्मं शरीर गादीला टेकलेलं, निम्मं आपलंच नसल्यासारखं. वंदनाताई खाटेच्या कडेला बसून त्यांची नखं कापत होती.

मी फाटकातच थांबलो. तिचं तोंड दुसरीकडं होतं, रस्त्याकडं, आणि हात मात्र काकाच्या हातात. एकेक बोट धरायची, नुसत्या स्पर्शानं नख शोधायची, कापायची, पुढचं बोट. न पाहता इतकं नीट कुणी कापू शकतं हे मला माहीत नव्हतं. करंगळीपाशी सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अर्ध्या तोंडातून शब्द येईना, आणि त्या खटपटीत हात हलला.

"हालू नोको काका," ती म्हणाली.

रस्त्याकडंच पाहत म्हणाली. पण 'काका' म्हणाली. सरांच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी निघालं आणि गालावरून कानाकडे जायला लागलं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.